पेटीवर पहारा दिला, तिजोरीवर कोण देणार?

परवा आमच्या नगरपरिषदेची अंदाजपत्रकाची सभा झाली. चार वर्षांनंतर पहिल्यांदा लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी गावाचं अंदाजपत्रक मंजूर केलं. वेळ लागला बावीस मिनिटं. घड्याळ बघून सांगतोय. त्यातली सहा-सात मिनिटं शाल-नारळात आणि श्रद्धांजलीत गेली.

मागे लोकांसाठी तीस खुर्च्या मांडल्या होत्या. बसलो होतो चौघं. एक मी. एक दुसऱ्या पेपरचा मित्र. एक घंटागाडीच्या ठेकेदाराचा माणूस. आणि चौथे एक निवृत्त गुरुजी. ते पाणीपट्टीचं बिल दुरुस्त करायला आले होते आणि कुणीतरी "आत बसा" म्हणालं म्हणून आत येऊन बसले होते.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा गावावर जाते, माणसांवर जाते, शेवटी जातीवर जाते. तालुक्याचं ठिकाण आहे, क वर्ग नगरपरिषद आहे, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. एवढ्यावरून तुम्हाला तुमचंच गाव वाटलं तर ते तुमचंच समजा.

आता हेच सभागृह जानेवारीत बघायला हवं होतं. उपनगराध्यक्षाची निवड होती. पाय ठेवायला जागा नाही. जिन्यात माणसं, गॅलरीत माणसं, खाली रस्त्यावर हलगी. जेसीबीवरून गुलाल. कोण उपाध्यक्ष, कोण स्वीकृत, कुठल्या गटाने ऐनवेळी कुणाला कसं फोडलं, हे पानाच्या टपरीवर पोरांना तोंडपाठ होतं. त्याच गावाचा पैसा पुढच्या वर्षी कुठे जाणार हे ठरवायच्या दिवशी तीसपैकी सव्वीस खुर्च्या रिकाम्या.

आणि मला त्याहून जुनी एक गोष्ट आठवली. २ डिसेंबरला मतदान झालं. ३ तारखेला मोजणी व्हायची होती. काही ठिकाणची मतदानं पुढे ढकलली होती, म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकदमच २१ तारखेला घ्यायला सांगितलं. म्हणजे मतदान यंत्रं एकोणीस दिवस कुलपात. आमच्याकडे त्या एकोणीस रात्री स्ट्राँगरूमबाहेर सगळ्या पार्ट्यांची पोरं पाळ्या लावून बसली होती. डिसेंबरची थंडी, शेकोटी, चहाचे थर्मास, मोबाइलवर कॅमेऱ्याचं चित्रण. एकमेकांवर भरवसा नाही म्हणून एकमेकांसमोर बसून पहारा दिला.

मला तेव्हा अभिमान वाटला होता. बातमीही केली होती. आज प्रश्न पडतो तो असा की, मतांच्या पेटीवर एकोणीस रात्री जागणारं गाव गावाच्या तिजोरीवर बावीस मिनिटंही का बसत नाही?

उत्तर सोपं आहे, असं तुम्ही म्हणाल. सगळे चोर आहेत, बसून काय उपयोग? थांबा. ह्या उत्तरावरच मला बोलायचंय.

चार वर्षं कुणाला चुकचुकल्यासारखं वाटलं?

आमच्याकडची आधीची निवडणूक २०१६ च्या नोव्हेंबरमधली. नोटाबंदीला तीन आठवडेही झाले नव्हते. त्या बॉडीची मुदत संपली आणि प्रशासक आले. आले ते २०२५ च्या डिसेंबरपर्यंत राहिले.

घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, म्हणजे १९९३ पासून, नगरपरिषदेची मुदत पाच वर्षं ठरलेली आहे आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पूर्ण व्हायला हवी असं कलम २४३-यू सांगतं. आपल्याकडे काय झालं? मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट लावली. आकडेवारी गोळा करा, आयोग नेमा, पन्नास टक्क्यांच्या आत राहा. मग बांठिया आयोग आला. मग प्रभागरचना कुणी करायची, किती सदस्यांचा प्रभाग करायचा, यावर सरकार बदललं की नियम बदलले. मग तारीख पे तारीख. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली, तेव्हा कुठे २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचं मतदान लागलं. प्रभाग पाडले ते २०११ च्या जनगणनेवर. त्यानंतर गावात किती कॉलन्या उठल्या, ते तुम्ही बघताय.

ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खरा होता, तो सुटायलाच हवा होता. पण मला सांगा, ह्या चार वर्षांत "आमची निवडणूक घ्या" म्हणून आपल्या गावातून एक मोर्चा निघाला? एक निवेदन गेलं? रस्त्यावर स्पीडब्रेकर नाही म्हणून निवेदन गेलं. पुतळ्याची जागा बदला म्हणून गेलं. निवडणूक घ्या म्हणून एकही नाही. कारण आपल्याला त्यांची आठवणच आली नाही.

उलट आपण खूश होतो. "प्रशासक बरा, साहेब. कटकट नाही, टक्केवारी नाही." हे वाक्य मी स्वतः छापलंय. पहिल्या साहेबांनी बाजारपेठेतली अतिक्रमणं काढली तेव्हा मी त्यांच्यावर अर्धं पान लिहिलं. कात्रण अजून आहे माझ्याकडे.

नंतर त्यांची बदली झाली. दुसरे आले, तिसरे आले. आमच्याकडे मुख्याधिकारी हेच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणार तेच, ठराव करणार तेच, बिल काढणार तेच. साहेब चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. ज्याच्या हातात किल्ली त्याच्याच हातात वही, हा मुद्दा आहे. चांगल्या साहेबाच्या काळात आपल्याला ते दिसलं नाही, कारण काम होत होतं. पुढच्यांच्या काळात काम थांबलं आणि विचारायला दारच उरलं नाही. पाइपलाइन फुटली तर अर्ज करा. आवक नंबर घ्या. आठ दिवसांनी या. साहेब मीटिंगला गेलेत.

पूर्वी नगरसेवक नालायक का असेना, त्याच्या घराच्या ओट्यावर जाऊन बायका रिकामा हंडा आपटायच्या. त्या हंड्याचा आवाज म्हणजे आमच्या गावची लोकशाही होती. चार वर्षांत तो बंद झाला. आपण नागरिकाचे अर्जदार झालो आणि आपल्याला कळलंही नाही.

पाकीट फक्त वस्तीत जातं काय?

आता पैशावर येतो. मतदानाच्या आदल्या रात्री काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. आणि सगळ्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "गरीब लोक विकले जातात, त्यामुळे हे असं."

नगरपरिषदेत एका मतदाराला तीन मतं. दोन सदस्य, एक थेट नगराध्यक्ष. थेट नगराध्यक्ष २०१६ मध्ये आणला, २०२० मध्ये काढला, २०२२ मध्ये परत आणला. तीन मतं म्हणजे तीन दारांनी पैसा येतो. वस्तीत पाकीट येतं, मान्य. पण मी ज्या कॉलनीत राहतो तिथे शिक्षक, बँकेतले, कृषी खात्यातले लोक आहेत. आमच्याकडे पाकीट येत नाही, आमच्याकडे पेव्हर ब्लॉक येतात. मंदिराला सभामंडप येतो. ओपन स्पेसला कंपाउंड येतं. आचारसंहितेच्या चार दिवस आधी नारळ फुटतो, आणि कॉलनीच्या ग्रुपवर "भाऊंचे जाहीर आभार" पडतात. त्यातला एक आभाराचा मेसेज माझाही होता.

वस्तीतली बाई पाकीट घेते तेव्हा तिला माहीत असतं की ती काय विकतेय. आम्ही ब्लॉक घेतो आणि त्याला विकास म्हणतो. मग अधिक प्रामाणिक कोण?

माझ्या घरातलं सांगतो. घरात चार मतं. आई, मी, बायको आणि ह्या वेळी पहिल्यांदा मतदान करणारी मुलगी. आदल्या रात्री मी बाहेर होतो, बातमीच्याच मागे. घरी आलो तर देव्हाऱ्याजवळ पाकीट. आईने घेतलेलं. आणून देणारा माझ्याच वर्गातला मित्र. मी आईवर भडकलो. पोरीसमोर भडकलो, जरा जास्तच, तिला ऐकू जावं म्हणून.

आई शांतपणे म्हणाली, "दर दिवाळीला तू यांच्याच जाहिराती आणतोस. त्याच्या कमिशनवर पोरीची फी भरली. तुला माझं पाकीट बरं दिसलं रे?"

मुलगी काही बोलली नाही. माझ्याकडे बघत होती. ती नजर मला अजून पुरतेय.

सकाळी पाकीट परत द्यायला गेलो. मित्र चहाच्या टपरीवर होता. हसला. म्हणाला, "मत कुणालाही दे, मी विचारणार नाही. पण हे परत नको देऊस. मला वर हिशेब द्यायचाय." मी टेबलावर ठेवून निघून आलो. वाटेत हसू आलं आणि लाजही वाटली. अख्ख्या गावात एकच हिशेब चोख ठेवला जातो, तो पाकिटांचा. पाणीपुरवठ्याच्या दुरुस्तीचा कुणी मागत नाही, म्हणून कुणी ठेवत नाही.

आता माझी पाळी

आई बरोबर बोलली होती. पत्रकारितेचा डिप्लोमा करून मला वीस वर्षं झाली. तालुका प्रतिनिधीला पगार नसतो, हे लोकांना माहीत नाही. मानधन असतं, ते पेट्रोलला पुरत नाही. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. आणि तालुक्याला जाहिराती देतं कोण? भाऊ, दादा, साहेब. वाढदिवस, दिवाळी, निवड झाल्याबद्दल अभिनंदन. ज्याच्या विरोधात सोमवारी लिहायचं, त्याच्याच दारात शुक्रवारी वसुलीला उभं राहायचं. निवडणुकीत तर पॅकेज असतं. "प्रभागात अमुक यांचाच बोलबाला", "तमुक यांच्या पदयात्रेला उत्स्फूर्त प्रतिसाद". त्या पदयात्रेत मी नव्हतो. फोटो आणि मजकूर दोन्ही व्हॉट्सअॅपवर आले, मी फक्त काना-मात्रा दुरुस्त केला. ह्या वेळीही केला.

हे कबूल केल्याशिवाय पुढचं लिहायचा मला अधिकार नाही. कारण परवाच्या सभेतली खरी गोष्ट मी अजून सांगितलेलीच नाही.

लेखापालांनी आकडे वाचले. किरकोळ शिलकीचं अंदाजपत्रक. "मंजूर, मंजूर" झालं. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक नगरसेविका उठल्या. पहिल्यांदाच निवडून आल्यात. अर्ध्या जागा महिलांना आहेत. आमच्याकडे त्यातल्या बऱ्याच जणींचे नवरे सभागृहाच्या दारात उभे असतात आणि आतल्या बाईने हात कधी वर करायचा ते बाहेरून ठरतं. ह्यांचे नवरे दारात नव्हते. हातात वही होती. त्यांनी विचारलं, "पाणीपुरवठा देखभाल-दुरुस्तीवर गेल्या वर्षी जेवढी तरतूद होती, त्यातली खर्च किती झाली, आणि कुठल्या कामावर झाली? आमच्या प्रभागात तर एक व्हॉल्व्ह बदलला नाही."

सरळ प्रश्न. शाळेतलं पोरही विचारेल असा.

सभागृहात दोन सेकंद शांतता. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी, "ताई, नवीन आहात, हळूहळू कळेल." हशा. मग वरून, "ताई, नंतर चेंबरला या, सगळं समजावून सांगतो." पुन्हा हशा. त्या खाली बसल्या. विषय सर्वानुमते मंजूर.

मी घरी येऊन बातमी पाठवली. "नगरपरिषदेचे शिलकी अंदाजपत्रक सर्वानुमते मंजूर." खाली चार आकडे. तो प्रश्न मी लिहिलाच नाही. कुणी दाबला नाही, कुणाचा फोन आला नाही. मीच आपोआप गाळला. वीस वर्षांत हात असा तयार झालाय की गाळायचं काय ते त्याला विचारावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "दादा, माझा प्रश्न नव्हता का हो छापण्यासारखा?"

मी जागा नव्हती म्हणालो. खोटं बोललो. ही पोस्ट त्या खोट्याची दुरुस्ती आहे.

म्हणून "सगळे चोर" हे उत्तर मला चालत नाही

तिथे एक बाई चोर नव्हती. उठली, बोलली. तिला चोरांनी नाही गप्प केलं. तिला सव्वीस रिकाम्या खुर्च्यांनी गप्प केलं, आणि सत्ताविसाव्या खुर्चीवरच्या मी केलं. मागे तिच्या प्रभागातल्या वीस बायका बसलेल्या असत्या, तर "हळूहळू कळेल" म्हणायची हिंमत झाली असती का कुणाची? हसले असते का?

"सगळे चोर" म्हणणं फार सोयीचं असतं. त्यात आपलं काही जात नाही. घरबसल्या आपण साव ठरतो. आणि चोराला तर ते वाक्य फारच आवडतं, कारण सगळेच चोर म्हटलं की त्याच्यात आणि त्या बाईत फरक राहत नाही.

एकटा माणूस काय करणार, असं म्हणाल तर आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. निवडून आलेले नव्हे, सरकारनेच नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला यायचे होते. त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्च करायचं ठरवलं. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणाले. समोर साक्षात इंग्रज सरकार, बाकीचे सदस्य गप्प. पण प्रश्न विचारला गेला, त्याची नोंद राहिली आणि एकशे पंचेचाळीस वर्षांनी आपण तो वाचतोय. हो म्हणणाऱ्या बाकीच्यांची नावं तुम्हाला आठवतात का?

आणि एक लक्षात घ्या. शेजारच्या खेड्यात ग्रामसभा असते. वर्षाला किमान चार. गाजत नसेल, कोरम भरत नसेल, पण तिथे साधा शेतमजूर उठून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. खेड्याची नगरपंचायत झाली, की तो हक्क गेला. शहरात सभाच नाही. २००९ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली होती, कारण केंद्राच्या नागरी योजनेची ती अट होती. माझ्या गावात एकही क्षेत्रसभा झालेली मला आठवत नाही. तुमच्याकडे झाली असेल तर खाली सांगा, मी येऊन बघीन.

मग उरतं काय? उरतात त्या तीस खुर्च्या. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा लोकांसाठी खुली असते. पास लागत नाही, ओळख लागत नाही. मध्ये बोलता येणार नाही, पण बसता येतं, ऐकता येतं, लिहून घेता येतं. विषयपत्रिका मागता येते. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. एवढंच आपल्या हातात आहे, आणि एवढंही आपण वापरलेलं नाही.

मला गावाकडून फार काही नको. ज्या पोरांनी एकोणीस रात्री शेकोटीशी बसून पेटी राखली, त्यांनी दोन महिन्यांतून एकदा दुपारचे दोन तास द्यावेत. प्रभागातून दोघं आले तरी बहुतेक खुर्च्या भरतील. कॉलनीतल्या आमच्यासारख्या सुशिक्षितांनी ग्रुपवर आभार मानण्याआधी एवढंच विचारावं, की हे ब्लॉक कुठल्या निधीतून, किती रुपयांना, आणि जुने काढलेले कुठे गेले.

माझ्याकडून काय? जाहिराती सोडतो असली फुशारकी मारणार नाही. घर चालवायचंय, मुलीचं शिक्षण आहे. पण दोन गोष्टी करतो. एक, प्रत्येक सभेची विषयपत्रिका आधी आणि सभेत कोण काय बोललं ते नंतर, इथे ह्याच भिंतीवर टाकणार. पेपरमध्ये जागा नसेल, इथे आहे. दोन, पॅकेजचा मजकूर माझ्या हातून पुन्हा जाणार नाही. गेला, तर ही पोस्ट माझ्या तोंडावर मारा. म्हणूनच ती लिहून ठेवतोय.

ताई, तुमचा प्रश्न छापण्यासारखाच होता. उशिरा छापतोय. पुढच्या सभेत परत विचारा. मागे बसलेल्यांत मी तर असेनच, आणि मुलगी म्हणाली, "पप्पा, मी पण येते." म्हणजे पाच झालो.

उरलेल्या पंचवीस खुर्च्या तुमच्या आहेत. पटलं तर या. नाही पटलं तर खाली भांडा, पण "सगळे चोर" एवढं लिहून जाऊ नका.